उजव्या पंखातला सांधा

कुरोयानागी तामियोला साठ वर्षं पूर्ण झाली तसं कारखान्याने रीतीप्रमाणे तिला निवृत्त केलं, आणि दुसऱ्याच दिवशी वर्षाच्या करारावर परत कामावर घेतलं. खुर्ची तीच, कपाट तेच. टोपीवरची पट्टी तेवढी निळ्याची पिवळी झाली. तिला सोडणं कारखान्याला परवडणारं नव्हतं, कारण चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली लढाऊ विमानं एकेक करून परत येत होती.

विमानांचा सांगाडा अजून धडधाकट होता, आत मात्र सगळं जुनं झालं होतं. त्यांचं नाक उघडायचं, गरागरा फिरणारा जुना रडार काढायचा आणि जागचा न हलता एकाच वेळी दहा दिशांना बघणारा नवा बसवायचा. शत्रूच्या रडारचा कानोसा घेणारी यंत्रणा घालायची. संगणक बदलायचा. पंखांखाली पूर्वीपेक्षा कितीतरी लांब जाणारी नवी क्षेपणास्त्रं टांगता येतील अशी सोय करायची. हे सगळं एकमेकांना जोडायचं म्हणजे वायरी, आणि वायरी म्हणजे तामियो.

ती एकोणिसाव्या वर्षी या विभागात आली तेव्हापासून कामाची पद्धत फारशी बदलली नव्हती. भिंतीएवढ्या प्लायवूडच्या फळीवर नकाशा चिकटवायचा, वळणावळणावर खिळे ठोकायचे, त्यांच्यामधून शेकडो वायरी ओढून घ्यायच्या आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दर दोन बोटांवर गाठ मारत जुडगा बांधायचा. तामियोच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला त्या दोऱ्याने कायमची खाच पडली होती. गाठ बघून ती कुणाची हे विभागातले लोक सांगू शकत, आणि तामियोची गाठ तर चष्मा न लावताही ओळखू येते असं म्हणत.

शरद ऋतूत एक विमान आलं. त्याच्या शेपटीवरचे शेवटचे दोन आकडे होते सत्तेचाळीस. बाकीच्यांना ते इतरांसारखंच एक विमान. तामियो मात्र त्याच्या उजव्या पंखाखालून जाताना थोडी थांबली, आणि मग हातमोजे घालून नाकाकडच्या कामाला लागली.

एकोणीसशे शहाऐंशीच्या वसंतात हेच विमान तिने बांधलं होतं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. उजव्या पंखाच्या मुळाशी, क्षेपणास्त्राकडे जाणाऱ्या जुडग्याचा जादा दोरा कापताना तिची सुरी निसटली आणि एक वायर निम्मी कापली गेली. नियम असा की जुडगा पुरता काढायचा, नवा बांधायचा आणि तशी नोंद करायची. त्यात दोन दिवस जाणार होते, आणि विमान द्यायची तारीख चार दिवसांवर आलेली. तिचे वरिष्ठ ओगाने सान यांनी इकडेतिकडे बघितलं. वायर तोडून सांधा घाल, वर नळी चढव, पट्टी गुंडाळ आणि बांधून टाक, म्हणाले. तिने तसं केलं. चाचणी बिनबोभाट पार पडली. कागदावर काहीच चढलं नाही.

आता नव्या नकाशात त्या भागावर लिहिलेलं होतं, जुना जुडगा कायम ठेवावा. म्हणजे तिथली झाकणं कुणी उघडणारच नव्हतं.

जानेवारीत सत्तेचाळीसची जमिनीवरची चाचणी सुरू झाली. उजव्या पंखाखाली क्षेपणास्त्राचा नमुना टांगला होता. वैमानिकापुढच्या पडद्यावर तो तयार असल्याची खूण दिसायला हवी होती. ती दिसायची, जायची, परत दिसायची. कधी सकाळभर ठीक, आणि दुपारी नाहीशी. अभियंता असाओका, तिशीची हुशार मुलगी, लॅपटॉप मांडीवर घेऊन दिवसच्या दिवस पंखाखाली चटईवर बसायला लागली. टांगायची चौकट बदलून झाली, पेटी बदलून झाली. संगणकाची आज्ञावली लिहिणारे तोक्योहून येऊन गेले आणि आमच्याकडे काही चूक नाही असं सांगून गेले. विभागप्रमुख हाचिया कारखान्यात नवा आला होता तेव्हा तामियोनेच त्याला गाठी मारायला शिकवलं होतं. त्या दोन आठवड्यांत त्याच्या पँटचा पट्टा एक भोक आत गेला.

तामियोला पहिल्याच दिवशी कळलं होतं. निदान कळलं असं तिला वाटत होतं. तरी ते दोन्ही आठवडे ती गप्प राहिली.

गप्प राहायला कारणं होती. ओगाने सान वारून नऊ वर्षं झाली होती, आणि त्यांची बायको तामियोला आठवड्यातून दोनदा भाजीच्या दुकानात भेटायची. मेलेल्या माणसाच्या नावाला आता डाग कशाला लावायचा? स्वतःच्या कराराचं काय होईल ही काळजी होतीच. शिवाय त्याच वर्षी तिने आणखी तीन विमानं बांधली होती. त्यांत असं काही केल्याचं तिला आठवत नव्हतं, पण एकदा तोंड उघडलं की तीही उघडणार. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे, लाज.

घरी ती आणि तिची आई, दोघीच. आई, हात्सुए, त्र्याण्णव वर्षांची. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. रविवारी सकाळी जेवायला बसल्यावर आईने वाटीतल्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसो सूपचा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"मिसो दोनदा घातलास," आई म्हणाली. "गेल्या बुधवारी भातात पाणी कमी होतं. काय झालंय?"

तामियोने सांगितलं. सुरी, वायर, ओगाने सान, दोन आठवड्यांचं गप्प राहणं, सगळं. आईने ऐकून घेतलं. मुळ्याच्या लोणच्याचे दोन तुकडे चावून संपवले, आणि मग जे बोलली ते तामियोने साठ वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

युद्धाच्या शेवटच्या वर्षी शाळा बंद करून मुलींना विमानाच्या कारखान्यात नेलं होतं, एवढंच तामियोला ठाऊक होतं. आई चौदा वर्षांची होती. काम होतं पत्रे जोडणारे रिव्हेट मारायचं. पोटात अन्न नाही, हातात जोर नाही, रिव्हेट तिरपे जायचे. तिरपा गेला की काढून नवा मारायचा, पण मोजून दिलेले रिव्हेट संपले की ओरडा बसायचा. मग मुली कानशीने त्याचं डोकं घासून सपाट करायच्या आणि वरून रंग फासायच्या. तपासनीस दिव्याच्या उजेडात नुसता हात फिरवून पुढे जायचा.

"मी किती घासले ते मोजले नाहीत," आई म्हणाली. "त्यात कोण बसलं, कुठे गेलं, तेही माहीत नाही. विचारणार कुणाला? कारखाना जळला, आमच्यावर देखरेख करणारी बाई गेली, तपासनीस गेला. तुझा तो हाचिया अजून जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग सांगून टाक."

थोड्या वेळाने आईने विचारलं की ही नवी क्षेपणास्त्रं किती लांब जातात. तामियो म्हणाली, समुद्रापलीकडे. आई म्हणाली, पूर्वी एवढी लांब जात नव्हती ना. तामियो म्हणाली, नव्हती. आईने मान हलवली आणि उरलेला भात चहात कालवून खाल्ला. तामियोला त्यावर काय वाटतं, हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. ती आयुष्यभर वायरी बांधत आली होती. त्या वायरीतून शेवटी कुठली आज्ञा जाते, याकडे तिने कधी फार वेळ बघितलं नव्हतं.

सोमवारी सकाळची कवायत झाली, सुरक्षिततेच्या घोषणा झाल्या, माणसं पांगली. तामियो हाचियाच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच बोलायला लागली. त्याने आधी दार लावलं, मग खुर्ची पुढे केली. तिचं बोलून झाल्यावर त्याने टेबलावरच्या नकाशात उजव्या पंखाच्या मुळावर बोट ठेवलं.

"कुरोयानागी सान, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण आत्ता माझ्या मनात तेच आलं, हेही लपवत नाही."

"तुमची चूक नाही ती."

"तुम्हीच शिकवलंत मला, कापलेली वायर कधी झाकायची नाही म्हणून. शिव्या घालून शिकवलंत."

"म्हणूनच घातल्या," तामियो म्हणाली.

दुपारी हवाई दलाचा निरीक्षक आला. कमी बोलणारा, नम्र, कधीही न हसणारा माणूस. त्याच्यासमोर पंखाच्या मुळाशी असलेली झाकणं काढली. हाचियाने तामियोला मागे उभं राहायला सांगितलं होतं, पण नेमकी जागा दुसऱ्या कुणाला सापडेना तेव्हा तिलाच बोलवावं लागलं. तिने आरसा आत धरला, बॅटरी फिरवली आणि बोट दाखवलं. चाळीस वर्षांच्या धुळीखाली तिच्याच गाठी होत्या, एकसारख्या, दोन दोन बोटांवर. पट्टी पिवळी पडली होती. असाओकाने ती हळूच सोडवली, नळी कापली, सांध्याच्या दोन्ही टोकांना मीटर लावला. ओढून बघितलं. हलवून बघितलं. गरम हवा सोडून परत मोजलं.

"सांधा ठणठणीत आहे," असाओका म्हणाली. "बिघाड इथे नाही."

तिने मीटर बाजूला ठेवला. तामियोला वाटलं होतं, असं झालं तर आपल्याला हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. भर सभेत नाव पुकारल्यावर उभं राहावं आणि बोलावलेलं भलत्याच कुणाला असावं, तसं तिला अवघडल्यासारखं झालं. निरीक्षकाने वहीत काहीतरी लिहिलं. आता उघडलंच आहे तर पुढचंही बघा, म्हणाला.

सांध्यापासून दीड वीत पुढे, लोखंडी पट्टीने जुडगा पकडून ठेवला होता तिथे, बिघाड सापडला. पट्टीखालचं रबर वाळून भुगा झालं होतं आणि एका वायरीचं आवरण घासून आतली तार उघडी पडली होती. हँगरमधले हीटर सुरू झाले की पंख जरासा तापायचा, धातू हलायचा आणि तार पट्टीला टेकायची. तो भाग नकाशाप्रमाणे अगदी बरोबर बांधलेला होता. कुणाचीच चूक नव्हती. तामियोने सांगितलं नसतं तर ती झाकणं कुणी काढली नसती, हे मात्र हाचियाने आपल्या अहवालात स्पष्ट लिहिलं.

तरीही नियम मोडला होता तो मोडलाच होता. तामियोला लेखी ताकीद मिळाली आणि तीन महिन्यांसाठी विमानाला हात लावायची परवानगी काढून घेतली गेली. तिची बाकीची तीन विमानं तीन तळांवर उघडली गेली. तिन्हींत काही लपवलेलं निघालं नाही. ते रबर मात्र सगळ्या विमानांतलं बदलायचा हुकूम निघाला.

निरीक्षकाने जाता जाता एक प्रश्न विचारला होता. कागदावर न चढलेलं असं आणखी किती ठिकाणी असेल? याचं उत्तर कारखान्यात कुणाकडेच नव्हतं. असेल तर ते घरी बसलेल्या म्हाताऱ्यांकडे. हाचियाने वरच्यांशी तीन बैठकांत भांडून एक पत्र मंजूर करून घेतलं. जुन्या कामगारांनी यावं, आठवतं ते सांगावं, कुणालाही दोष दिला जाणार नाही. तामियोकडे तेव्हा दुसरं काम नव्हतंच. तिने प्रत्येक पत्राच्या तळाशी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. मी सांगितलं, तुम्हीही या.

एप्रिलमध्ये अकरा जण आले. कोट घालून, केस विंचरून, हातात घरच्यांनी दिलेली मिठाईची खोकी घेऊन. एकाने खिशातल्या जुन्या डायऱ्याच आणल्या. कुठल्या विमानात कुठे नियम वाकवला ते त्याने तारखेसकट लिहून ठेवलं होतं, आणि तीस वर्षं या डायऱ्या जाळाव्यात की नाही याचा विचार करत होता. दुसरा आला तो मी जन्मात काही चुकीचं केलं नाही एवढंच सांगायला. चहा पिऊन दारापर्यंत गेला, बूट घालता घालता थांबला, परत येऊन बसला आणि दोन जागा सांगून गेला.

बारावी आली ती ओगाने सानांची बायको. तिला पत्र गेलं नव्हतं, पण गावात गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? तामियो तिला बघून उठली आणि कमरेतून पुरती वाकली, वर बघायचा धीर होईना. ओगाने बाईंनी तिला बसायला लावलं. हॉस्पिटलात असताना ते एकदा म्हणाले होते, तिने सांगितलं, की एका पोरीला मी चुकीचं शिकवलं. कुणाला, काय, ते बोलले नाहीत. मला भलताच संशय आला होता, तामियो सान, नऊ वर्षं मी त्यांच्या फोटोवर रागावून होते. हे सांगताना तिला हसू आवरेना, आणि मग तामियोलाही आवरेना.

सत्तेचाळीस जूनमध्ये उडालं. तामियोची बंदी तोवर उठली होती. ती त्या वेळी पुढच्या विमानाच्या नाकात अर्धी आत शिरून पडली होती, तिला नुसता आवाज ऐकू आला. जेवणाच्या सुट्टीत तिने हाचियाला विचारलं, पडद्यावरची उजवीकडची खूण टिकली का. टिकली, तो म्हणाला, संपूर्ण वेळ. तिने डबा उघडला. असाओका समोर येऊन बसली आणि म्हणाली की उद्यापासून रोज अर्धा तास गाठी शिकायला फळीपाशी येईन, चालेल का. तामियोने तिची नखं बघितली आणि आधी ती कापून ये म्हणाली.