गोठ्यातला तबला

"बंद करा ती ढमढम! म्हशीनं पान्हा चोरलाय!"

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गोठ्यातून ओरडले तेव्हा निम्मा कसबा बावडा हातातली कामं टाकून रस्त्यावर आला, आणि जी माणसं कामासाठी शाहूपुरीत गेली होती त्यांनी तिथून फोन करून विचारलं, काय झालं. आबांचा आवाज तसा बेताचाच. साखर कारखान्याचा भोंगा बिघडला तर त्यांना बोलावतील, एवढाच.

ढमढम करत होती माझी सात वर्षांची मुलगी. वर्षभर ती शाहूपुरीतल्या एका क्लासात तबला शिकत होती. तिथले सर मला म्हणाले होते, "एवढ्या वयात वाद्य शिकलं की मेंदू घडतो. कान ऐकतो, हात करतो, मन मोजतं, आणि तिघांना एकमेकांकडे जायची वाट सापडते." घरी येईपर्यंत मी बाकीचं विसरलो, 'मेंदू घडतो' तेवढं राहिलं. त्या दिवसापासून पोरीच्या टोप्या घट्ट होतायत का ते बघत होतो. डोकं काही वाढलं नाही, आगाऊपणा तेवढा वाढला. तिची आई भाकरी थापायला बसली की ही शेजारी. "आई, मधेच थांबलीस की!" कुकरची शिट्टी जरा उशिरा झाली की त्याच्यावर डोळे वटारायची. कुकर बिचारा इतका भ्यायला, की सारख्या अंतरानं तीन शिट्ट्या देऊन आपणहून बंद व्हायचा. शपथेवर सांगतो.

तर म्हशीचं असं झालं होतं. आमच्याकडे संध्याकाळी गिऱ्हाइकं गोठ्यातच येतात. समोर धार काढायची, पेला भरायचा, फेसासकट उभ्यानं प्यायचं. आठ दिवस थोरली म्हैस, सध्या दुभती तेवढी एकच, दूधच सोडेना. त्या संध्याकाळी दोघं जण रिकाम्या पेल्यानं वळले आणि समोरच्या दुकानातून पिशवीचं दूध घेऊन गेले. आबांच्या डोळ्यांदेखत! त्यापेक्षा त्यांच्या मिशा कापल्या असत्या तरी चाललं असतं.

"उद्या सांजच्याला दूध उतरलं न्हाय तर तबला माळ्यावर," आबांनी निकाल दिला. "आणि क्लासबी बंद."

पोर रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तबला-डग्गा फडक्यात बांधून ठेवला, बोटसुद्धा लावलं नाही. संध्याकाळी गोठ्यात येऊन गाठोड्याला टेकून बसली. आबा धारेला बसले. तबला गप्प होता, तरी दूध उतरेना; बादलीत नुसत्या चिळकांड्या वाजत होत्या.

"आबा, आज तर वाजवलाच नाही," मी म्हणालो.

"कालचा आवाज बसलाय तिच्या कानात!"

पोर मात्र मान तिरकी करून बादलीकडे बघत होती.

"आबा, तुमचा हात चुकतोय."

गोठ्यातल्या पाचही म्हशींनी रवंथ थांबवलं. पन्नास वर्षं धार काढणाऱ्या माणसाला आजवर कुणी असं सुनावलं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"डावा बरोबर पडतोय. उजवा मागनं येतोय, आणि बारीक. ऐका की." तिनं मांडीवर वाजवून दाखवलं. एक ठोका दणकून, दुसरा उशिरा आणि मरगळलेला.

मी कान लावला. मला दूध ऐकू आलं, बस्स. माझा मेंदू लहानपणी कुणी घडवलाच नव्हता.

पेले धरून उभ्या असलेल्या बायकोनं मात्र पुढं होऊन आबांचा उजवा हात धरला. अंगठा आल्याच्या गड्ड्यासारखा सुजलेला! "आबा, किती दिवस झालं हे?"

"हाय पंधरा-एक दिवस." आबा दावणीकडे बघत म्हणाले. "दुखतोय म्हटलं की म्हातारा झालो म्हणणार तुमी."

म्हशीला आधीच कळलं होतं. हात एकसारखा पडेना, म्हणून ती पान्हा चोरून उभी राहत होती. बायको पदर खोचून धारेला बसली. आबा थोडा वेळ घुटमळले, मग नातीला म्हणाले, "सोड ते फडकं. वाजीव, बघू."

पोरीनं ठेका धरला, आणि बायकोचे हात आपसूक त्यावर पडायला लागले. म्हशीनं पान्हा असा सोडला की बादली भरली, घागर भरली, पिंप भरलं. गिऱ्हाइकांचे पेले भरले, पिशवीवाले दोघं परत आले, आणि कुणीतरी पंचगंगेची पातळी बघायला धावलं म्हणतात.

सगळे गेल्यावर बायकोनं आबांच्या अंगठ्यावर गरम हळद बांधली. मला राहवेना. मी उभा राहून सरांचं भाषण त्यांना ऐकवलं, कान, हात, मन, वाटा, सगळं, आणि जे विसरलो होतो ते मनानं घातलं. शेवटी विचारलं, "मग आबा, तबला ऱ्हाऊ दे न्हवं?"

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "उद्यापासनं धार तू काढ."