उतारावरचा पारखी

श्रीराम मगदूमचं कुणाशी पटलं नाही. गावात पटलं नाही, अमेरिकेत पटलं नाही, बायकोशी तर नाहीच नाही. आमचं गाव एक, म्हणून माझ्याशी निदान बोलायचा तरी. बोलायचा म्हणजे खोड काढायचा. "तुझी डावी टाच बाहेरनं झिजलीया. कंबर गेली म्हण तुझी." हा त्याचा रामराम.

घराणं हेड्याचं. बाप बैलांचे सौदे जुळवायचा आणि खरसुंडीच्या बाजारात त्यानं मान हलवल्याशिवाय दावं सुटायचं नाही. बापाची रीत ठरलेली. आधी जनावराचे चारी पाय उचलून खुराला ठोकलेली लोखंडी पत्री बघायची. नीट बसलीय का, खिळा आत रुतलाय का. मग मऊ मातीतनं बाहेर काढून खडीवर चालवायचं. मातीत कुठलंबी जनावर झोकात चालतं, खडीवर त्याचं बिंग फुटतं. श्रीराम हे सगळं शेणात उभा राहून शिकला. पुढं एक्स-रे काढायचं शिकला आणि सत्तरच्या आगेमागे अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या एका थंड शहरात हाडांच्या डॉक्टरकडं चिकटला. पेशंट दारातनं आत येतोय तोवर हा म्हणायचा, उजवा खुबा. फिल्म धुऊन बघितली की उजवाच खुबा.

तो डॉक्टर शहरातल्या धंदेवाईक बास्केटबॉल टीमचाही डॉक्टर. तिकडं दर जूनला ड्राफ्ट म्हणून एक प्रकार असतो. कॉलेजातली तयार पोरं एका यादीत, आणि टीमांनी नंबरानं एकेक उचलायचं. कुणाला उचलायचं हे सांगायला टीमा पारखी माणसं ठेवतात, त्यांना स्काउट म्हणतात. आमच्या भाषेत हेडीच. डॉक्टरच्या शब्दावर त्र्याऐंशी साली श्रीराम एक्स-रेचं काम सांभाळून त्यांच्यात जाऊन बसला.

बसला कसला, उभाच राहिला. बाकीचे स्काउट मॅच बघत वह्या भरायचे आणि हा बाहेर. "आतली जमीन लाकडाची. खालनं पोकळ. मऊ रानच ते." मॅच संपून पोरं बसकडं निघाली की हा पार्किंगच्या सिमेंटच्या उतारावर, कानटोपी ओढून. तिथनं दोन वर्षांत त्यानं तीन पोरांचे पाय नासके म्हणून सांगितले. तिघांनाही दुसऱ्या टीमांनी घेतलं आणि तिघंही सहा महिन्यांत ऑपरेशनच्या टेबलावर गेले. तेव्हापासून टीमचा मॅनेजर हॉलब्रुक त्याचं ऐकायला लागला. त्याला श्रीराम आवडायचा नाही. पण हरायला त्याहून आवडायचं नाही.

वीस वर्षं स्काउटगिरी केलेला डनिगन मात्र याला पाण्यात बघायचा. श्रीरामला तो गाईवाला म्हणायचा, तोंडावर. इंग्लिशमधलं बोलणं मी इथं आपल्या बोलीत लिहितोय. शिव्या तेवढ्या गाळल्यात, कागद पुरायचा नाही.

शहाऐंशीच्या जानेवारीत हे दोघं एकाच पोरावर येऊन आदळले. डॅरेल पूल. पावणेसात फूट उंच, काळा, दक्षिणेतल्या एका बारक्या गावचा. डनिगननं त्याच्यामागं दोन वर्षं घातलेली. टीमचा नंबर सहावा होता आणि सहाव्या नंबरावर हाच उचलायचा, असं त्याचं ठरलेलं. पोराचं कॉलेज आमच्या शहरात खेळायला आलं तेव्हा श्रीराम उतारावर उभा राहिला. बर्फ वितळायला मीठ टाकलेलं, पायाखाली करकर वाजत होतं. पोरगं सुटाबुटात बाहेर आलं, टाय लावलेला, बूट काळे चकचकीत. उतार लागला तशी त्यानं कठड्याला हात लावला आणि डावा पाय ओढत खाली उतरलं.

श्रीरामनं रिपोर्टात दोनच ओळी लिहिल्या. डावा गुडघा गेलेला. घेऊ नये.

हॉलब्रुकच्या ऑफिसात डनिगननं तो कागद टेबलावर आपटला. "पन्नास मॅचा बघितल्यात मी त्याच्या. यानं एकसुद्धा बघितली नाही!"

"पन्नास वेळा मऊ जमिनीवर बघितलास," श्रीराम म्हणाला. "एकदाच बघायचं, पण कडक जमिनीवर."

"तुझ्या गाईला जाऊन सांग."

"गाईला कळतं तरी."

हॉलब्रुकनं दोघांना गप्प केलं. "मे महिन्यात पोरगं तपासायला येतंय. मगदूम, तू बरोबर निघालास तर डनिगन घरी बसेल. तो बरोबर निघाला तर तू. मला तुम्ही दोघं एका खोलीत नकोयत."

घरी सुलेखानं ऐकून घेतलं. ही पुण्याची, मराठी मंडळाची सेक्रेटरी. नवऱ्याचा धंदा सांगायची पाळी आली की हॉस्पिटलात आहेत म्हणायची. "माणसांकडे बैलासारखं बघता. एक दिवस कुणीतरी शिंगावर घेईल."

"तुझ्या पेठेत बैल बघितलावतास का कधी?"

"बघितला ना. लग्नात. बोहल्यावर."

मे उजाडला. डॅरेल आला. गुडघ्याचा एक्स-रे काढायचं काम श्रीरामकडंच. फिल्म हातात धरून त्यानं तीनदा बघितली. गुडघा काचेसारखा स्वच्छ. डॉक्टरनं वाकवून, पिळून बघितला, म्हणाला, ठणठणीत.

"फिल्म उभ्या माणसाची हाय," श्रीराम म्हणाला. "चालवा."

सगळ्यांना त्यानं इमारतीच्या मागच्या सिमेंटच्या जिन्यावर नेलं. चाळीस पायऱ्या. डॅरेल खेळायच्या बुटात होता. दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला आणि तसाच खाली आला. कठड्याला बोटसुद्धा लागलं नाही. डनिगन भिंतीला टेकून हसायला लागला.

श्रीराम तेवढ्यानं मागं सरणारा नव्हता. विकणारा जनावराला कायतरी चारून आणतो, दुखणं दाबतो, हे त्यानं लहानपणापासून बघितलेलं. तो पुढं झाला, खाली वाकला आणि बाप दाबायचा तसा पोराच्या गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा रुतवला. विचारलंबिचारलं काही नाही.

डॅरेलनं पाय मागं घेतला. "हात काढ."

"जानेवारीत लंगडत होतास. काय खाऊन आलाईस आज?"

पोरानं त्याच्याकडं नीट बघितलं. "तूच तो. टोपीवाला. बसपाशी उभा राहून माझे पाय बघत होतास."

"ते माझं काम हाय."

"माहितीय मला असलं काम. माझ्या आजीच्या आज्याला गुलामांच्या बाजारात उभं करून असेच पाय दाबून बघायचे. मग बोली लावायचे."

डनिगनचं हसणं थांबलं. श्रीरामला त्यात लागण्यासारखं काय आहे हे तेव्हा कळलं नव्हतं; बैलाचा पाय दाबणं म्हणजे त्याच्या घरी मानाचं काम. कळलं ते नंतर, सुलेखानं घरी शब्द न शब्द समजावून सांगितल्यावर, आणि तेही अर्धंच.

पोरगं बोलतच होतं. "लंगडत होतो म्हणे. मॅच झाली की कोच आम्हाला सूट घालायला लावतो, चामडी बूट. मला लागतात पंधरा नंबरचे. आमच्या गावात तेराच्या वर मिळत नाहीत. मेलेल्या काकाचे तेरा नंबरचे घालून हिंडत होतो. त्यात डाव्या बुटाचा खिळा वर आलेला. तू चालून दाखव त्यावर."

श्रीराम खाली वाकलेला होता तसाच राहिला. नंतर मला म्हणाला, "त्यो खिळा म्हणाला आन् माझ्या डोक्यात बापाचा जोडा बसल्यागत झालं. आधी पत्री बघायची. हे मी सातव्या वर्षी शिकलोय. आन् माणसाच्या पायात बूट असतो हे इसरलो! तिघांचं खरं निघालं तेवढ्यावर माजलो."

हॉलब्रुक घड्याळ बघत होता. "मगदूम, एकच शब्द सांग. गुडघा का बूट?"

गुडघा म्हणाला असता तरी चाललं असतं. संशय पुरेसा होता. हॉलब्रुक भित्रा, त्यानं याचंच ऐकलं असतं आणि डनिगन घरी गेला असता. "जिभेवर आलंवतं," श्रीराम म्हणाला. "त्या डनिगन्याचं थोबाड बघून तर जास्तच. पण चांगल्या जनावराला खोटं नाव ठिवलं तर बाप बाजारात, चारचौघांत कानफाटात मारायचा."

"बूट," तो म्हणाला. "पाय चांगलाय. चूक माझी."

डॅरेलची माफी काही त्यानं मागितली नाही.

"कोट उचल, गाईवाल्या," डनिगन म्हणाला. श्रीरामनं कोट उचलला आणि जाता जाता डनिगनला सांगितलं, तुझा उजवा खुबा दोन वर्षं टिकणार नाही. हे मात्र खरं निघालं.

पण बाजारात एकानं नाक मुरडून पाठ फिरवली की बाकीचे त्या जनावराला हात लावत नाहीत. फेब्रुवारीतच हॉलब्रुक दोन-तीन टीमांच्या लोकांपाशी 'डावा गुडघा' बोलून बसला होता. तिथनं ते सगळीकडं गेलं. डॉक्टरचा कागद फिरला, पण कागद कोण वाचतो? जूनमध्ये सहावा नंबर आला आणि खुद्द हॉलब्रुकच कचरला. त्यानं दुसराच पोरगा उचलला.

श्रीराम घरी टीव्हीसमोर बसलेला. पडद्यावर ड्राफ्टच्या हॉलमध्ये डॅरेल, शेजारी त्याची आई, निळी टोपी घातलेली. दहावा गेला, चौदावा गेला. कॅमेरा फिरून फिरून त्या मायलेकांवर यायचा. आईनं टोपी काढून मांडीवर ठेवली. श्रीराम टीव्ही बंद करायला उठला, तर सुलेखा मधे उभी राहिली.

"बसा. पाय बघायची हौस ना? आता तोंडं बघा."

एकविसाव्या नंबरावर एका टीमनं त्याला घेतला. पहिल्या वर्षापासून त्याची एक मॅच चुकली नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत ती टीम आमच्या शहरात आली. श्रीराम मला म्हणाला, गाडी काढ. मॅच नाही बघितली. अडीच तास मीठ टाकलेल्या त्याच उतारावर उभे राहिलो, थंडीनं माझे कान गेले. शेवटी पोरं बाहेर आली. डॅरेलला तो लांबूनच दिसला. उतार तो सरळ, तरातरा उतरला आणि नेमका आमच्यापुढं थांबला. मग डावा पाय उचलून कठड्यावर ठेवला, बुटाचा तळ श्रीरामच्या तोंडासमोर.

"बघ. पंधरा नंबर. नीट बघून घे."

मी श्रीरामची बाही ओढली. तो वाकला. तळ बघितला, टाच बघितली, बोटानं कड चाचपली. बुटाचीच, पायाला हात लावला नाही.

"खिळा न्हाई," तो म्हणाला. "टाच आतनं झिजलीया पण. घोटा सांभाळ."

पोरानं आईवरनं एक सणसणीत शिवी दिली, पाय खाली घेतला आणि बसमध्ये चढला.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "माफी मागायला आलावतास ना रं?"

"आधी पत्री बघितली न्हवं आज?" तो माझ्यावरच खेकसला आणि दार आपटलं. गाडी माझी होती.