गंगारामची घोडी

गंगाराम मेस्त्री गाडीखाली शिरण्याआधी जे काही करायचा, त्याला आम्ही गिऱ्हाइकं 'गंगारामची वास्तुशांत' म्हणायचो. दहा मिनिटांचं काम असलं तरी तयारीला पंधरा मिनिटं. नमनाला घडाभर तेल! तुर्भ्याला ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला कमळाकर शेटचं पत्र्याचं गॅरेज होतं. शेट तिथलाच आगरी. शेती नव्या शहरात गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यानं ही शेड टाकली. गंगाराम त्याचा एकुलता एक मेस्त्री. महाडकडचा, चाळिशीचा, अंगानं काटकुळा. कोपरखैरण्याला एका खोलीत बायको भिमाबाई आणि तो असे राहायचे.

तर ही वास्तुशांत अशी. आधी हँडब्रेक ओढायचा, गाडी गियरमध्ये टाकायची. मग जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढूनमागून दगड लावायचे आणि त्या दगडांना लाथ मारून बघायची. मग जॅकनं गाडी उचलायची. जॅकवर गाडी आहे तोवर गंगाराम खाली बोटसुद्धा घालायचा नाही. तो घोडी आणायचा. घोडी म्हणजे लोखंडी तिवई, तिच्या डोक्यावर गाडीचा सांगाडा टेकवायचा आणि जॅकवरचा भार काढून घ्यायचा. मग गाडीला कमरेनं दोन धक्के द्यायचे. हलली नाही, तर सोडवलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवायचं. एवढं झालं की मग पाठीवर झोपून साहेब आत.

"जॅक उचलतो, घोडी धरते," तो म्हणायचा, "आनि दोगं फसले तर चाक. चाकाच्या जाडीएवडी जागा ऱ्हाते. तेवड्यात मानूस मावतो."

मी एकदा त्याला विचारलं होतं, एवढी भीती वाटते तर हा धंदा कशाला करतोस. तेव्हा त्यानं सांगितलं. शहात्तर साली तो कुर्ल्याच्या एका गॅरेजात होता. तिथल्या वस्तादाला चहा विचारायला गेला. वस्ताद टेम्पोखाली, पाय तेवढे बाहेर. यानं दोनदा विचारलं, साखर कमी घालू का. मग लक्षात आलं की जॅक आडवा पडलाय.

"मानूस गाडीखाली असला का बाहेरच्यांना त्याचे पाय दिसतात, त्याला बाहेरच्यांचे," तो म्हणाला. "बस, तेवडीच वळख."

मी तेव्हा मान हलवली आणि विसरून गेलो. माझं नाव नंदकुमार. एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून, वाशीला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि त्याच्याखाली उभी सेकंडहँड हिरवी गाडी. त्या गाडीचा मला किती माज होता हे आज सांगायला लाज वाटते. सोसायटीत फक्त तीन गाड्या होत्या आणि त्यातली एक माझी होती.

चौऱ्याऐंशी सालचा दसरा. दुपारी पनवेलला सासुरवाडीत जेवायला बोलावलं होतं आणि सासऱ्यांनी गाडी अजून पाहिली नव्हती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत. सकाळी पाहतो तर डाव्या पुढच्या चाकापाशी ब्रेक ऑइलचं थारोळं. बायको चारुलता म्हणाली, "एसटीनं जाऊ." मी तिच्यावर खेकसलो आणि गाडी पहिल्या गियरमध्ये सरपटवत गॅरेजला आणली. चारुलतेनं हळदकुंकवाचा डबा बरोबर घेतला होता. गाडी नीट झाली की तिथंच पूजा करून पुढं जायचं, असं ठरलं.

गॅरेजात शेटनं पूजा मांडली होती. पाटावर नट आवळायचे पाने, पक्कड, हातोडे ओळीनं, मध्ये मोठा ट्रॉली जॅक, त्याच्या दोन बाजूंना दोन घोड्या. सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडूच्या माळा, समोर नारळ. दसऱ्याला हत्यार पुजलं की त्या दिवशी ते उचलायचं नाही, ही रीत. गंगाराम बाजूला उभा होता, निघायच्या बेतात. तो बौद्ध, त्याची पूजा नव्हती. त्याला विहारात वंदनेला जायचं होतं. पांढरा शर्ट पिशवीत घडी करून ठेवला होता. सकाळी येऊन पूजेसाठी सगळी हत्यारं त्यानंच रॉकेलनं पुसून दिली होती, घोड्यांसकट.

"शेट, तेवढा पाइप बघायला सांगा," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम आहे."

शेट म्हणाला, "मना आज हत्याराला हात लावाचा नाय. पन गंगारामला काय हाय? त्याला सन नाय. करील तो. गंगाराम, साहेबांचा बघ रे जरा."

त्याला सण होता, धम्मचक्र प्रवर्तनाचा, आणि मोठा होता. पण हे आम्हां दोघांच्याही मनात आलं नाही.

गंगारामनं गाडीखाली वाकून पाहिलं. "पाइपाचा नट ढिला झालाय. खाली जाया लागंल. शेट, एक घोडी द्या."

"अरे, पूजा मांडलीय! उद्यापरत हलवाची नाय."

"मग उद्या करतो."

"डिकीत जॅक आहे ना," मी म्हणालो. "आणि शेडमागं ब्लॉक पडलेत, सिमेंटचे. त्यावर काय घर उभं राहतं, गाडी नाही राहणार?"

"ब्लॉक आतून पोकळ असतो साहेब. सांगत न्हाय, फुटतो." मग त्यानं शेटकडं पाहून पुन्हा म्हटलं, "एकच घोडी द्या, शेट."

आणि मी ते बोललो. घड्याळ बघत, हसत, चारचौघांत टोमणा मारावा तसं बोललो.

"काय गंगाराम, तुला एकट्यालाच जीव आहे का? बाकीचे मेस्त्री काय मरून पडलेत?"

शेट हसला. गंगारामनं माझ्याकडं पाहिलं नाही. तो शेडमागं गेला, दोन ब्लॉक घेऊन आला. दगड लावले, त्यांना लाथ मारली. माझ्या जॅकनं गाडी उचलली, चाक काढलं, ब्लॉक एकावर एक ठेवून त्यावर फळी टाकली, गाडी तिच्यावर टेकवली. कमरेनं धक्के दिले. मग चाक आडवं करून कडेखाली सरकवलं. ते ठेवताना त्यानं हातानं दोनदा चापटलं, आपण बैलाला चापटतो तसं. मग आत गेला. त्याच्या विटक्या विजारीचे पाय तेवढे बाहेर राहिले.

पाच मिनिटं झाली असतील. चारुलता डबा उघडून उभी होती. "चारही चाकांना कुंकू लावायचंय," ती म्हणाली, "आणि ते बघा, केवढं चिखलानं भरलंय."

मला वाटलं, तेवढाच वेळ वाचेल. मी वाकलो, चाक ओढून काढलं आणि नळाकडं घरंगळत नेलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. मला चाक कशासाठी असतं ते माहीत नव्हतं, असंही नाही. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं होतं. ते चाक त्या क्षणी मला फक्त मळलेलं दिसलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला असता तर बरं झालं असतं. भोगावं दुसऱ्याला लागलं.

नळाखाली चाक धरलं होतं. आवाज मोठा नव्हता. पापडाचा ढीग कुणी मुठीत दाबावा तसा कचकन आवाज आला आणि गाडी डाव्या बाजूला बसली.

चारुलता किंचाळली. मी धावलो. ब्लॉकचा चुरा झाला होता, जॅक वाकडा होऊन खाली अडकला होता. गंगारामचे पाय एकदा झटकले आणि थांबले. मी गुडघ्यावर बसून खाली बघितलं. गाडीची कड त्याच्या छातीवर आणि डाव्या खांद्यावर होती. तोंड माझ्याकडं वळलेलं, डोळे उघडे.

मी हातांनी गाडी उचलायला लागलो. ती हलली, पण वर आली नाही, आणि खालून आवाज आला. "नको." मग श्वास. "हलवू नको." त्यानं मला आयुष्यात पहिल्यांदाच अरेतुरे केलं. त्याला पूर्ण वाक्य बोलता येत नव्हतं. छाती फुगायला जागा नव्हती. एक शब्द बोलायचा आणि वरच्यावर थोडी हवा ओढायचा. "जॅक. मोठा."

मोठा जॅक पूजेत होता. मी वळून शेटकडं पाहिलं. शेट पाटासमोर उभा होता, दोन्ही हात छातीशी. तो एक क्षण थांबला. मी खोटं सांगत नाही, थांबला. त्याच्या बापजाद्यांनी दसऱ्याला पुजलेला विळा उचलला नव्हता. मग त्यानं "आई गं!" म्हणून पूजेत पाय घातला. नारळ गडगडत गेला. ट्रॉली जॅक झेंडूच्या माळेसकट ओढत आणला.

रस्त्यावर वाहनं जात होती. सणाचा दिवस, कुणी थांबत नव्हतं. शेटनं जॅक आत घातला आणि दांडा मारायला लागला.

"सावकाश," खालून आलं. "लाकूड. वर लाकूड ठेव."

जॅकच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवायचा राहिला होता; तसाच वर गेला असता तर जॅक निसटला असता. छातीवर गाडी घेऊन तो माणूस आम्हाला आमचं काम शिकवत होता. मी फळीचा तुकडा ठेवला. गाडी एक बोट वर आली. दोन बोटं. मी त्याचे पाय धरून ओढायला गेलो, तर त्यानं डोळ्यांनी नको म्हटलं. ओठ हलले. आवाज नव्हता, पण मला कळलं. घोडी.

मी घोडी आणली, कुंकवानं माखलेली. ती सांगाड्याखाली लावली, शेटनं गाडी तिच्यावर उतरवली आणि मगच आम्ही गंगारामला बाहेर काढलं. त्या सगळ्याला चार मिनिटं लागली असतील. मी अजूनही कधीकधी त्या चार मिनिटांतच असतो. लिफ्टचं दार बंद झालं की असतो, ऑफिसात कुणी टेबल सरकवलं की असतो.

चार बरगड्या मोडल्या. त्या जुळल्या. खांद्यातली नस मात्र गेली आणि डावा हात छातीच्या वर जाईना. गाडीखाली झोपून दोन्ही हात वर करून काम करणाऱ्या माणसाचा एक हात वर जात नाही, म्हणजे काय उरलं?

दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला, तेव्हा मी तिथंच होतो. त्यानं विचारलं, तू एवढा अनुभवी, मग असं कसं झालं? गंगाराम म्हणाला, "चाक ठेवायचं ऱ्हाऊन गेलं. माजीच चूक."

मला वाटलं, माराच्या धक्क्यानं त्याला आठवत नाहीये. आणि मला बरं वाटलं. खरंच सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. चारुलतेनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. आम्ही त्यावर घरीही बोललो नाही.

पुढं तुर्भ्यापासून तळोज्यापर्यंत गॅरेजवाल्यांत ती गोष्ट झाली. "सगळ्या जगाला शिकवायचा, आणि स्वतःच चाक विसरला!" लोक हसून सांगायचे. माझ्यासमोरही सांगायचे. मी हसायचो नाही, पण गप्प बसायचो. त्याचा हात गेला तो एका मिनिटात. त्याचं नाव मात्र मी पाच वर्षं रोज थोडंथोडं जाऊ देत होतो. खरं सांगितलं तर चारचौघांत तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि न सांगता झोप नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तो घरीच स्टो आणि पंप दुरुस्त करायला लागला. दर दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन कोपरखैरण्याला जायचो. चहा प्यायचो, गाडीच्या गप्पा मारायचो, उठायचो. एकोणनव्वदच्या दसऱ्याला गेलो तेव्हा तो नुकताच विहारातून आला होता, पांढऱ्या कपड्यांत. भिमाबाई शेजारी गेली होती. मी बसलो आणि पान द्यायच्या आधीच बोललो.

"गंगारामभाऊ, ते चाक तुम्ही ठेवलं होतं. मी काढलं. धुवायला."

त्यानं समोरच्या स्टोची पिन हातातून खाली ठेवली.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "तुमच्या चपला दिसल्या. नव्या होत्या, करकर वाजायच्या. चाकाजवळ थांबल्या, मंग चाक गेलं."

पाच वर्षं मी त्याच्यापासून लपवत होतो आणि पाच वर्षं तो मला चहा पाजत होता.

"मग ओरडला का नाहीत? लगेच बाहेर का नाही आलात?"

"दोनदा बोललो व्हतो साहेब, घोडी द्या म्हनून." त्याचा आवाज जराही चढला नाही. "तर तुमी म्हनलात, तुला एकट्यालाच जीव आहे का. शेट हसले. आता तिसऱ्यांदा चाकासाठी कसं वरडायचं? म्हटलं, दोनच आटे ऱ्हायलेत. आवळतो न् निगतो."

"आणि हवालदाराला?"

"तुमचं नाव घेतलं असतं, तर तिथं तरी कोन ऐकनार व्हतं?"

भिमाबाई आली. तिनं चहा टाकला. मी पानं हातातच धरून बसलो होतो. ती घ्यायला गंगारामनं उजवा हात पुढं केला.

"गाडी आनलीय का?" त्यानं विचारलं.

"हो, खाली आहे."

"उतार हाय तिथं. चाकाला दगड लावलाय?"

मी चहा तसाच ठेवून खाली गेलो.