बांधलेलं पोतं मी घेत नाही

मी बांधलेलं पोतं घेत नाही. समोरचा कितीही शपथा घेऊन म्हणाला की बाई, आत एक नंबर माल आहे, तरी मी म्हणते, सोड तोंड. मग कोपरापर्यंत हात घालते आणि तळाची वांगी वर काढून पाहते. वरची वांगी तर सगळ्यांचीच चांगली असतात! अकोटच्या बाजारात भाजीचं दुकान मांडून माझी अर्धी जिंदगी गेली. आमचे हे वावरात पिकवतात, मी विकते. इतक्या वर्षांत मला फसवायला आलेले कमी नव्हते, फसवून गेलेले कमी आहेत.

पोरगी लहान असताना शाळा सुटली की माझ्याजवळ दुकानावर येऊन बसायची. तिला मी तळ पाहायला शिकवलं. आणि आणखी एक शिकवलं, की माल आवडला तर तो तोंडावर दिसू द्यायचा नाही. उलट नावं ठेवायची. 'कोवळी नाहीत', 'डाग आहे', 'राहू दे बाप्पा, नको आपल्याले' असं म्हणत पाठ फिरवायची, की विकणारा मागून हाक मारतो. ती मान हलवून ऐकायची आणि काकडी खायची. पुढे शिकायला अमरावतीला गेली, बडनेऱ्याला माझ्या बहिणीकडे राहिली. मला वाटलं, बाजार विसरली असेल.

डिग्री घेऊन घरी आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "आई, मले गेम बनवायचे आहेत."

"खेळायचे?"

"बनवायचे वं. त्याचं कॉलेज राहते पुण्याले. आपण बनवलेला एक गेम त्यायले पाठवा लागते. त्यायले पसंत पडला तर नंबर लागते."

माझे मोठे दीर, म्हणजे तिचे मोठे बाबा, तिथंच बसले होते. आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, "एक वर्ष देतो. नंबर लागला तर जाय पुण्याले. नाही लागला तर अकोल्याचं स्थळ आहे माझ्या पाहण्यात. मंग नाही म्हणायचं नाही." आमचे हे सुपारी कातरत राहिले. भावासमोर ह्यांची सुपारी कधी संपत नाही.

माझ्या अंगाची आग झाली. माझं लग्न बारावीचा निकाल लागायच्या आधीच लागलं होतं. निकाल मी सासरी पाहिला, चांगला लागला होता, आणि त्या दिवशी घरात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तेव्हा ते एक वर्ष पोरीचं होतं तितकंच माझंही होतं. ते वाया जाऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं धरून बसले.

आता गेम बनवायचा तर लॅपटॉप पाहिजे. मोठे दीर म्हणाले, "साधा घ्या, रोजच्या कामाचा." पोरगी म्हणाली, साध्यावर होत नाही, गेमिंगचाच लागतो, त्यात ग्राफिक्स कार्ड असतं. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. गेमिंगचा म्हणजे गेम खेळायचा, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्या गल्लीतली पोरं कानाला डबडं लावून दिवसभर कोणाला तरी गोळ्या घालत बसतात, त्यातलंच हे. वर्षभर खेळत बसली आणि शेवटी हात हलवत उभी राहिली तर?

त्यात तिच्या अमरावतीच्या चकरा चालू होत्या. दर आठवड्याला सकाळच्या एसटीनं जायची, दिवेलागणीला परत यायची. विचारलं तर, "डिग्रीचे कागद राहिले आहेत." अशी कोणती डिग्री, जिचे कागद अख्खा उन्हाळा संपत नाहीत? हातात तर कधी चिठोरं दिसलं नाही. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दुपारी जेवून जाते माय, बाकी मले काय मालूम?" माझ्या डोक्यात पोरगा शिरला तो निघेचना. खोटं कशाला बोलू, ती आली की दोरीवर टाकलेल्या तिच्या ओढणीचा वास घ्यायची मी. धुळीचा आणि एसटीच्या डिझेलचा यायचा. पण हे बोलायचं कोणाजवळ? मोठ्या दिरांच्या कानावर गेलं असतं तर वर्ष तिथंच संपलं असतं.

म्हटलं, लॅपटॉप घ्यायचा तर मी सोबत येणार. आधी अकोल्याला गेलो. चांगलं थंडगार दुकान, टाय घातलेला विक्रेता. तो गोड आवाजात म्हणाला, "काकू, डेली यूजसाठी पाहिजे का गेमिंगसाठी?"

"तू पहिले हे सांग, तुले कोणत्यात जास्त सुटते?"

तो हसला. एक खोका आणून समोर ठेवला. मी म्हटलं, खोल. तर म्हणे, "सील तोडलं का मंग घ्यावाच लागते काकू."

"म्हणजे न पाहता घेऊ?"

"वरती सगळं लिहून आहे ना. कंपनीची वॉरंटी आहे."

लिहून काय, मीही भेदऱ्यांच्या पेटीवर 'लालभडक टमाटे' लिहीन आणि खाली हिरवे भरीन! तेवढ्यात चहा आला. फुकटचा चहा आला की मी उठते. दुसऱ्या दुकानातही तेच, सील आणि वॉरंटी. पोरगी एरवी मला 'आई, हळू बोल' म्हणते, त्या दिवशी गप्प होती. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "अमरावतीले पाहू का? तिथं दुकानं जास्त आहेत." मी तिचं तोंड निरखून पाहिलं. त्यावर काही म्हणता काही नव्हतं. हेच मला खटकलं.

अमरावतीत ती मला मोठ्या दुकानांतून हिंडवत होती. सगळीकडे बांधलेली पोती. माझे पाय भरून आले तेव्हा एका गल्लीतल्या लहानशा दुकानात शिरलो. मालक एकटाच होता, माझ्या वयाचा, डोक्यावर केस पांढरे. त्यानं पोरीकडे पाहिलं आणि चटकन नजर माझ्याकडे वळवली. मी ते टिपलं. आत कुठं एखादा पोरगा दिसतो का म्हणून पडद्यामागंही डोकावले. तिथं फक्त खोके होते.

काउंटरवर एक काळा, जाडजूड लॅपटॉप उघडा होता. चालू होता. अक्षरांखाली लाल दिवे.

"हा कितीचा?"

"तो दाखवायचा पीस आहे वहिनी. तो नका घेऊ, तुमाले नवा सीलबंद देतो."

म्हणजे मला न दाखवलेला देतो! मी स्टूल ओढलं आणि बसले. म्हटलं, चालवून दाखव, जड काहीतरी चालव. त्यानं एक गेम लावला. जंगल, पाऊस, धावणारं हरीण, सगळं न अडखळता सरसर चाललं. पंखा घोंघावायला लागला. मी बाजूला हात धरून वाफ किती गरम येते ते पाहिलं. उलटा करायला लावला, तळाचे सगळे स्क्रू जागेवर आहेत का ते पाहिलं.

पोरगी मागून कुरकुरायला लागली. "आई, हा नको. लय जड आहे. लोकायनं हात लावलेला आहे. बॅटरी उतरली असन. वॉरंटीबी चालू होऊन गेली असन." मग म्हणाली, "साधाच घेऊ ना, मोठे बाबा म्हणतात तसा."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. "गप बस! हाच घ्यायचा. डोळ्यांसमोर चालून राहिला तो सोडून बांधलेला घेऊ का?"

दुकानदारानं डोकं खाजवलं. उघडा माल म्हणून मी भावही उतरवून घेतला. पोरगी काचेकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. रडते तर रडू दे, म्हटलं. तिचंच भलं आहे.

घरी आल्यावर मोठे दीर लाल दिवे पाहून म्हणाले, "दिवाळी इथंच लावली का?" दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला चहा द्यायला गेले आणि पडद्यावर नजर गेली. अख्खा भाजीबाजार मांडलेला होता. ताडपत्र्या, टोपल्या, तराजू, मधून गाय चाललेली. मला पाहून तिनं झाकण लावलं.

"हे कधी केलं?"

"करून राहिली ना."

काल आणला लॅपटॉप आणि आज बाजार उभा? माझ्या वावरात तरी पेरलं आणि दुसऱ्या दिवशी तोडलं, असं होत नाही. त्यातच लाइन गेली, तर ते धूड लगेच विझलं, बॅटरी नावालाच. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा कोणाचा तरी वापरलेला लॅपटॉप आहे, त्यात त्या माणसाचं काम पडलेलं आहे, आणि ही ते आपलं म्हणून पुण्याला पाठवणार. पकडली गेली तर? नंबर तर जाईलच, वर चोर म्हणून नाव होईल, आणि अकोल्याचं स्थळ दारात.

सकाळी बहिणीकडे जाते असं सांगून मी अमरावतीची एसटी पकडली. दुकानात पाय टाकल्या टाकल्या तोंड सोडलं. "कोणाचा लॅपटॉप गळ्यात मारला माझ्या? त्यात दुसऱ्याचं काम निघालं!"

माणूस शांत होता. म्हणाला, "बसा वहिनी. दुसऱ्याचं नाही, तुमच्याच पोरीचं आहे ते."

"काय?"

"उन्हाळ्यापासून येऊन राहिली होती ती. ह्याच स्टुलावर बसे अन् त्याच पीसवर काम करे. पहिल्यांदा मी उठवलं. मंग पाह्यलं काय करून राहिली ते, अन् नाही उठवलं. गिऱ्हाईक आलं का तीच समजावून सांगे, रोजच्या कामाले कोणता घ्या, गेमिंगले कोणता घ्या. माझ्यापेक्षा तिचंच ऐकत लोकं."

"मंग मले काहून नाही सांगितलं कोणी?"

तो म्हणाला, "तिनंच सांगून ठेवलं होतं. म्हणे, आई बांधलेला घेणार नाही, उघडाच घेईन. पण मी घे म्हटलं का तिले शंका येईन. म्हणून मी नाही म्हणते, काका, तुमीबी नाही म्हणा. बॅटरीचं तिले मालूम आहे. नवी मागवली म्या, आली का बसवून देतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शिकवलेलं माझ्यावरच चालवलं कार्टीनं! आणि ते हलणारे खांदे? ती रडत नव्हती, हसत होती! मलाही हसू यायला लागलं होतं, पण ते मी त्या माणसाला दिसू दिलं नाही. त्यानं भीत भीत विचारलं, चहा घेता का. घेतला.

घरी आल्या आल्या मी तिच्यासमोर उभी राहिले. "मले काहून नाही सांगितलं?"

तिला कळलं मी कुठून आले ते. पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "सांगितलं असतं तर तू मानलं असतं?"

"काहून नाही मानलं असतं?"

"दुकानवाले काका मले दिवसभर बसू देतात, काही घेत नाहीत, असं मी म्हटलं असतं. तू काय म्हटलं असतं?"

मी काय म्हटलं असतं ते आम्हा दोघींनाही पाठ होतं. लय लागलं मला ते. पोरगी उन्हाळाभर एसटीचे धक्के खात जात होती, आणि मी इथं तिची ओढणी हुंगत बसले होते.

"दाखव तुझा बाजार," मी म्हटलं.

तिनं दाखवला. मधोमध एक बाई बसलेली होती, पदर खोचलेला. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची, किडकं काढून फेकायची. गिऱ्हाइकानं वांगं दाबून पाहिलं की पोरीच्याच आवाजात ओरडायची, "घ्यायचं असन तर घे, मालिश नको करू त्याची!"

"ही कोण वं?"

"कोणी नाही. अशीच एक बाई."

"इतकी खेकसते?"

"कमीच केलं म्या."

दिवाळी झाल्यावर तिनं गेम पाठवला. मग नुसती वाट पाहणं. वर्ष सरत आलं, तसे मोठे दीर अकोल्याला फोन लावायला लागले. फोनवर हसून बोलायचे ते, आणि मी दाराआडून ऐकायची.

एक दिवस भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या गर्दीतून वाट काढत पोरगी पळत आली. हातात फोन, केस विस्कटलेले.

"आई, नंबर लागला."

माझा हात आपोआप पुढं गेला, फोन घ्यायला. कोणी काही म्हटलं की तो तसाच जातो. मग मी तो मागं घेतला आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीवर ठेवला.

"बरं झालं माय," मी म्हटलं.

"घे ना, वाचून पाह्य."

"नाही पाहत. तू म्हणून राहिली ना."

ती थबकली. खालपासून वरपर्यंत पाहायला लागली मला. "काहून? काय झालं? मोठे बाबा काही बोलले का? मले पाठवायचं नाही का तुले?"

"अवं नाही वं."

"मंग पाहत काहून नाहीस?"

माझे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचंही सुचलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग फोन खाली ठेवला, माझ्याजवळ पोत्यावर टेकली, आणि समोर खोळंबलेल्या बाईला म्हणाली, "वांगी घ्या काकू. तळापासून पाहून घ्या."