दादाची खुर्ची

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी कुणी वाचत नव्हतं. सगळे त्यांना आमचेकर म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधून झालं, की यांचं पहिलं वाक्य 'आमच्याकडे' असंच सुरू व्हायचं. आमच्याकडे पाणी असं मऊ, की दाढीला साबण नावाला लागतो. आमच्याकडे हवा अशी, की सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरही रान माजलेलं. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावर कानामागचे दोन झुबके सोडले तर काही शिल्लक नव्हतं. कुणी तसं दाखवून दिलंच, तर ते कात्री न थांबवता म्हणत, "हे इथल्या पाण्याने केलंय. येताना डोकं भरलेलं होतं." त्यावर भांडण्यात काही अर्थ नव्हता.

दुकान बाजारामागच्या गल्लीत, एका जिन्याखाली होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, आरशाखालच्या फळीवर तुरटीचा खडा, ब्रश, पावडरचा डबा, आणि मागच्या भिंतीला एक लांब बाक. एक खुर्ची आमचेकरांची, दुसरी पगारी कारागिराची. कोपऱ्यात एक जुनं लाकडी कपाट होतं, त्यात फाटके टॉवेल आणि बंद पडलेली मशीनं. ते कपाट का आहे, हे आमचेकरांनाही सांगता आलं नसतं.

आठवडाभर कुणीही यावं, पण रविवार गावाचा. त्या दिवशी कारागिराला सुट्टी आणि दुकानात फक्त डोंगरापलीकडची माणसं. एकेक घर करत जवळजवळ अख्खं गाव या शहरात उतरलं होतं. कुणी टॅक्सी चालवायचा, कुणी बांधकामावर होता, कुणी एखाद्या इमारतीच्या फाटकाशी वॉचमन होता. स्वतःच्या घराखाली सलून असलेली माणसं दोन बस बदलून इथे दाढी करायला यायची. दाढी हे निमित्तच. बाकावर मांडीला मांडी लावून बसायचं, गावाचं कौतुक करायचं आणि या शहराला नावं ठेवायची, हा खरा कार्यक्रम. ज्या शहराने पोट भरलं त्याला एक बरा शब्द कुणाच्या तोंडून निघत नसे. इथली माणसं कोरडी, इथली भाजी बेचव, इथला पाऊससुद्धा मेला घाणेरडा!

दुपारी आमचेकर गावाला दादाला फोन लावत आणि फोनचा आवाज मोठा करून फळीवर ठेवत.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. तोही याच धंद्यातला, आणि खरं सांगायचं तर हात त्याचाच चांगला. वडिलांनी दोघांना एकाच दगडावर वस्तरा लावायला शिकवलं, पण वडील दाढी करून घ्यायचे ती दादाकडून. पुढे एकाने शहरात जायचं ठरलं तेव्हा आई आजारी होती. "तू जा. माझं इथे भागतंय," असं दादा म्हणाला आणि धाकटा निघाला. आई गेली. दादाची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. दादा मात्र गावातच राहिला, आणि त्याने राखलेली सगळी डोकी एकामागून एक धाकट्याच्या खुर्चीत येऊन बसली. ही गोष्ट आमचेकरांच्या कधी लक्षात आली नाही. आली असेल तर तिकडे त्यांनी कानाडोळा केला.

"दादा, ओढ्याला पाणी आहे का?" फोन लागला की वॉचमन बाकावरून ओरडायचा. त्याचं घर ओढ्याकाठचं.

"आहे की. थांब, ऐकवतो," दादा म्हणायचा. मग फोनमधून पाण्याचा आवाज यायचा, खळखळ, मधेच थांबून पुन्हा खळखळ. सगळा बाक पुढे झुके. वॉचमनचे डोळे मिटलेले असत. टॅक्सीवाला एकदा त्या आवाजावर चक्क रडला होता आणि मग डोळ्यात साबण गेला म्हणाला होता. दाढी तेव्हा दुसऱ्याची चालली होती.

कधीमधी दादा फोन ठेवता ठेवता म्हणायचा, "अरे, तुझ्या दुकानात एक खुर्ची टाक की माझ्यासाठी. येतो तिकडे."

यावर हशा पिकायचा. "दादा, वेड लागलं का? स्वर्ग सोडून या उकिरड्यात येता?" असं कुणीतरी म्हणायचं. आमचेकर तर छाती फुगवून सांगत, "दादा, तू आहेस म्हणून गाव आहे. आमच्या घराचं दार उघडं आहे ते तुझ्यामुळे!" तिकडून दादाही हसायचा. मग बाक आठवडाभर पुरेल एवढा गाव पोटात घालून उठायचा.

आमचेकरांच्या बायकोला हे हसणं खटकायचं. ती एकदा जेवताना म्हणाली, "अहो, मोठे भाऊजी सारखं खुर्चीचं का म्हणतात? एकदा सरळ विचारा तरी."

"थट्टा करतो तो. लहानपणापासून तसाच आहे."

"थट्टा माणूस एकदा करतो, दोनदा करतो. तुम्हाला काय, दुरून डोंगर साजरे. चढायला लागतात ते त्यांना. तिथे आता आहे कोण त्यांच्याशी बोलायला?"

"तुला नाही कळायचं. तू तिथली नाहीस," आमचेकर म्हणाले. या वाक्यापुढे तिचं कधीच काही चालायचं नाही. ती ताटं उचलायला लागली. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, हे त्या घरात रोज सिद्ध व्हायचं.

मग एका रविवारी फोन वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही. रेंज नसेल, बाक म्हणाला. आमच्याकडे डोंगर आडवे येतात, आमचेकर म्हणाले, आणि त्यातही थोडा अभिमान होताच. पुढच्या रविवारीही तेच झालं. दुकान कारागिरावर टाकून ते निघाले.

कितीतरी वर्षांनी ते गावात शिरत होते. दरवर्षी जायचं ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. वाटेवरचं पहिलं घर कुलूपबंद, दुसरं कुलूपबंद, तिसऱ्याचं कुलूपही गंजून गळून पडलेलं. शाळेच्या ओट्यावर गवत. ओढ्याशी आले तर पांढरे कोरडे दगड. खालच्या अंगाला उतरून पाहिलं, तिथेही दगडच. पाणी बऱ्याच वर्षांत इकडे फिरकलेलं नसावं, हे त्यांना न सांगता कळलं.

दादा दारातच बसला होता. पाठ वाटेकडे होती, त्यामुळे आमचेकरांना आधी त्याची मान दिसली. मागचे केस कुठे बोटभर वाढलेले, कुठे पार मुळापासून कापलेले, डाव्या कानामागे कात्री लागल्याची एक जुनी खूण. असं डोकं घेऊन एखादं पोर दुकानात आलं असतं, तर 'कुठल्या गाढवाने कापले रे?' असं त्यांनी विचारलं असतं.

"दादा, केस कुणी कापले तुझे?" तोंडातून पहिलं तेच निघालं.

दादाने वळून पाहिलं. आश्चर्य वाटल्याचं काही दाखवलं नाही. "मीच. दुसरं कोण आहे? पुढचे जमतात. मागे हात पोचतो, डोळा पोचत नाही."

घरात गेल्यावर कोनाड्यात फोन दिसला. कोनाड्याखाली अर्धी भरलेली बादली आणि तिच्यात तरंगणारा तांब्या. आमचेकर त्या बादलीकडे बघत राहिले. मग खाली बसले.

"तूच ओतायचास?"

"वॉचमन विचारायचा ना. नाही म्हणवत नव्हतं."

"मग फोन का उचलत नव्हतास? जीव टांगणीला लागला माझा."

दादाने उजवा हात पुढे केला. पंजा थरथरत होता. थोडा नव्हे, चांगला. "तांब्या धरवत नाही आता. ओतलं की धबकन पडतं. ओढ्यासारखा आवाज येत नाही. मग फोन उचलून काय सांगू?"

हा हात वडिलांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवायचा.

"खुर्चीचं मी विचारलं होतं तुला," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि आमचेकरांना तो असता तर बरं वाटलं असतं.

"मला वाटलं थट्टा करतोस."

"पहिल्यांदा थट्टा नव्हती. तुम्ही सगळे हसलात. मग मीही हसायला लागलो."

त्या संध्याकाळी आमचेकरांनी दादाला अंगणात बसवलं आणि त्याची मान नीट केली. कात्री चालवायच्या निमित्ताने मागे उभं राहता येत होतं, तोंड दाखवावं लागत नव्हतं. डोळे पुसत पुसत त्यांनी केस सारखे केले. सकाळी दाराला कुलूप लावून दोघं भाऊ निघाले. कुलूप कुठलं सापडेना, तेव्हा शेवटी दादाच्या वस्तऱ्या-कात्रीच्या पेटीचंच काढून लावलं.

शहरात आल्यावर आमचेकरांनी काय करावं? कोपऱ्यातलं कपाट स्वतः ओढत बाहेर काढलं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं. मोकळ्या जागेत एक खुर्ची आणली, जुनीच पण गादी नवी बसवून. समोर आरसा, फळीवर दादाच्या पेटीतला वडिलांचा वस्तरा. बायको म्हणाली, "अहो, त्यांच्या हाताचं तर..." आमचेकर म्हणाले, "इथल्या डॉक्टरांचं औषध चालू केलंय. होईल." होणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. बायकोला त्यांनी ते सांगितलं नव्हतं आणि स्वतःलाही पुरतं सांगितलं नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून टॅक्सीवाला आपणहून त्या खुर्चीत बसला. दादाने ब्रशने फेस केला. असा फेस त्या दुकानात कधी झाला नव्हता, दाट आणि गालभर सारखा. ब्रशला थरथर चालते. मग दादाने वस्तरा उचलला, टॅक्सीवाल्याच्या कानाखाली नेला, आणि तो गालापासून चार बोटांवर थांबला. पातं हवेतच हलत होतं. टॅक्सीवाला बिचारा डोळे मिटून, श्वास धरून बसला होता. दादाने वस्तरा मिटला. "तू घे," तो धाकट्याला म्हणाला आणि जाऊन बाकावर बसला.

त्या खुर्चीवर मग टॉवेल साठू लागले. रविवारी बाक भरायचा, दादा त्यांच्यात बसायचा. सगळे त्याला मान द्यायचे, त्याच्यासाठी चहा आधी यायचा. आता दुपारी कुणाला फोन करायचा नव्हता. ती वेळ आली की सगळे नुसते फळीकडे बघायचे.

अशाच एका रविवारी वॉचमन आमचेकरांच्या खुर्चीत होता. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या तोंडाला फेस. आरशातून तो दादाला म्हणाला, "दादा, तुम्ही निघालात तेव्हा ओढा कसा होता?"

आमचेकरांचा हात थांबला. दादाने एकदा भावाकडे पाहिलं. "वाहत होता की," तो म्हणाला. "काठोकाठ."

वॉचमनने समाधानाने मान मागे टेकली. "तेच म्हणतो मी. रागावू नका, दादा, पण तुम्ही यायला नको होतं. तुम्ही होतात तर वाटायचं, आपलं कुणीतरी आहे तिथे. आता गावात कोण राहिलं?"

"खरंय," दादा म्हणाला. "जरा घाईच केली मी."

"घाई?" आमचेकर एवढ्या जोरात ओरडले, की जिन्यावरून जाणारा माणूस आत डोकावला. "घाई केली? या माणसाने वर्षानुवर्षं विचारलं, येऊ का म्हणून. हात धडधाकट होता तेव्हा विचारलं! आणि आपण दात काढून हसलो. सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो. तिथे त्याची मान कापायला माणूस नव्हता आणि आपण इथे बसून त्याला सांगत होतो, स्वर्ग सोडू नकोस. मला भाऊ नको होता. मला गावात एक माणूस हवा होता, इथे मिरवायला."

टॅक्सीवाला खाली बघत होता. वॉचमन आरशात दिसत होता, अर्ध्या तोंडाला फेस.

दादा उठून जवळ आला. "ओरडतोस काय? गिऱ्हाईक बसलंय. फेस वाळतोय," तो हळूच म्हणाला. "आधी दाढी पुरी कर."

आमचेकरांनी वस्तरा उचलला. वॉचमनच्या गालाशी नेला. हात नुसता लटपटत होता. त्यांनी तो खाली घेतला, पुन्हा नेला, आणि पुन्हा खाली घेतला. मग त्यांनी दादाकडे पाहिलं. लहानपणी वस्तरा जमला नाही की ते असंच पाहायचे आणि दादा पुढे होऊन तो हातातून काढून घ्यायचा. दादाने आताही सवयीने हात पुढे केला, आणि अर्ध्यावर मागे घेतला.

गळ्याचं कापड वॉचमनने स्वतःच सोडलं, टॉवेलने फेस पुसला आणि खुर्चीतून उठून दोघा भावांना एकमेकांपाशी यायला वाट करून दिली.