करवतीच्या पलीकडला

संशय घेण्याची शाळा कुठे असती, तर आमच्या करवतीच्या पलीकडल्या टोकाला बसणारा गडी तिथे सरळ हेडमास्तर लागला असता. आलापल्लीकडच्या कुपात, म्हणजे तोडणीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, गेला हिवाळा आम्ही दोघांनी एका करवतीवर काढला. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. त्याचं वय बावीस, गाव पार कुरखेड्याच्या पुढे, घरी एकटी माय, आणि विश्वास म्हणाल तर कुणावरच नाही. चहा गोड लागला की म्हणायचा, "आज काऊन एवढी साखर? मुकादम काम वाढवून राह्यला वाटते." फिका लागला की साखर मुकादमाच्या घरी गेली! एकदा वाटेत वाघाचे पंजे दिसले, तर म्हणे, "हे मुकादमच उमटवते, भाऊ. आपण पळून नाई गेलो पायजे म्हणून." त्याच संध्याकाळी नाल्यापलीकडून डरकाळी आली. "आवाजबी तोच काढते," असं म्हणत गडी माझ्या घोंगडीत शिरला.

झाडांवर तर त्याचा विशेष डोळा. सागवान कितीही सरळसोट असो, कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून खोडाला कान लावल्याशिवाय करवत लावू द्यायचा नाही. मी थंडीने कुडकुडत उभा, आणि याची तपासणी चालूच. एकदा म्हणाला, "हे आतून पोकळ वाजते. तिकून नोका बसू, इकून या." मी चरफडत जागा बदलली. झाड अर्धं कापलं न कापलं तोच कडाडून आलं, ते मी आधी बसलो होतो नेमकं तिथेच. त्या दिवशी मी त्याला शिव्या देणं बंद केलं, निदान जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

माणसांनाही तो असाच ठोकून पाहायचा. दर रविवारी टेकडीवरच्या खडकावर चढायचं, कारण रेंज तिथेच, आणि मायला फोन लावायचा. 'सगळं बरं हाये' या तिच्या बोलण्यावर याचा काडीचा भरवसा नाही. म्हणून हमखास विचारायचा, "भाजी काय केली?" एका रविवारी माय म्हणाली, "वांग्याची." याचा चेहराच उतरला. "माय वांगं खात नाई, भाऊ. तिले खाज सुटते. घरची चूल पेटून नाई राह्यली. शेजारचं कोणी डबा देऊन राह्यलं, तेच ती बोलून गेली." खाली आल्यावर हे ऐकून मुकादम हसला. मीही हसलो, त्याची अजून लाज वाटते. मुकादमाने बजावलं, "गेला तं हंगामभर काम नाई भेटणार." दुसऱ्या दिवशी तो गेला. नंतर कळलं, माय बांधावरून पडून खाटेला खिळली होती, आणि पोराचं काम सुटू नये म्हणून तिने गावाला शपथ घातली होती.

पलीकडल्या टोकाला नवा माणूस आला. भला माणूस, कशावरच संशय घेत नाही. मला काही करमेचना. झाडं मीच ठोकून पाहू लागलो.

तिसऱ्या रविवारी खडकावर चढून मी त्याला फोन लावला.

"माय कशी हाये?"

"एकदम बरी. चालून राह्यली आता. तुमी काम नोका सोडू, भाऊ."

आवाज खणखणीत होता. तरी मी विचारलं, "मायसाठी भाजी काय केली आज?"



"वांग्याची."

दुसऱ्या दिवशी सकाळी करवत मुकादमाच्या हातात दिली आणि कुरखेड्याच्या वाटेची एसटी पकडली.