पत्त्याच्या पानाएवढी वही

इरा, नील,

तुमच्या आजोबांबरोबर मी सेहेचाळीस वर्षं संसार केला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. तुमच्या आईला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. आज लिहायला बसले आहे खरी, पण सकाळपासून तीनदा उठले — एकदा दूध बघायला, एकदा पंखा कमी करायला, आणि एकदा उगाच.

आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. पण माझं इंग्रजी नन्सच्या शाळेतलं. त्यात माझ्याकडून सगळं इस्त्री करून, घडी घालून निघतं. दोन पानं झाली, वाचून पाहिली — तर मी त्यात फारच चांगली मुलगी वाटत होते. फाडून टाकली. हे तुमची आई वाचून दाखवेल. तिनेही वाचावं.

गेल्या महिन्यात तुम्ही दोघांनी तिकडे छोटे अल्बम करायला घेतले आणि विचारलंत, आजी, तू कशी सुरुवात केली होतीस? मी लगेच व्यवस्थित उत्तर पाठवलं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा. काळा कागद, पत्त्याच्या पानाएवढा कापलेला. मैद्याची खळ, आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. दोन पानं जोडायला मधे अर्ध्या इंचाची चिवट पट्टी. सगळं बरोबर होतं. मग इराने फोनवर माझी ती कपाटातली जुनी वही पुन्हा बघायला मागितली, आणि तिसरं पान आलं तेव्हा म्हणाली, “आजी, ही मुलगी हात बाजूला का करते आहे? कोणाकडे?”

मी म्हणाले, खाऊ मागत असेल.

तेव्हापासून मला चैन नाही. खाऊ! ऐंशीच्या घरातली बाई, सात वर्षांच्या नातीला — किती सहज आलं ते तोंडात.

मुळात सुरुवात मी केलीच नव्हती. तुम्हाला कायम सांगत आले की शाळेतल्या बाईंनी शिकवलं. नाही. ती पहिली वही रेजिनाने केली होती. आम्ही तिला रेजी म्हणायचो. आम्ही तेव्हा अंधेरीला राहायचो, स्टेशनच्या पूर्वेला, आणि ती मरोळ गावातून चालत शाळेत यायची. मरोळला तेव्हा कारखाने नव्हते. भातशेती होती, भाजीचे वाफे होते, आणि तिथली जुनी ख्रिस्ती घरं आमच्याइतकंच मराठी बोलायची, फक्त त्यांच्या पद्धतीने. रेजीला चर्चमध्ये संतांची छोटी रंगीत चित्रं मिळायची. ती तिने बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर डकवून, सुतळीने बांधून, तळहातात मावेल अशी चिकटवही केली होती. पानं वाकडी, खळीचे डाग, एका संताचे पाय बाहेर लोंबत होते. मला ती वही इतकी आवडली की मला राग आला. असा राग तुम्हाला कधी आला आहे का?

मी घरी येऊन तशीच केली. पण सरळ. बाबांची पोलादी पट्टी, आईची नखं कापायची कात्री. कापडाच्या ताग्यांवरची लेबलं, काड्यापेट्यांवरची चित्रं, कॅलेंडरातली फुलं. पंधरा दिवसांत अख्ख्या वर्गाला माझ्या वह्या हव्या झाल्या आणि कोणाला आठवलंही नाही की पहिली कोणाची होती. रेजीला आठवत असणार.  तरी एक दिवस मधल्या सुट्टीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “मलापण एक करून दे ना गं. माझ्या हाताने बिघडंल. तुझा हात साफ आहे.”

वर्तमानपत्रात एक फोटो होता. पोस्टकार्डाएवढा, आडवा. त्यांच्या घरात तो एकच फोटो होता — हे तिने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

फोटो तिच्या पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे चर्चमध्ये पहिला प्रसाद घेतात त्या दिवसाचा. मध्ये रेजी, सात-आठ वर्षांची, पांढरा झगा, डोक्यावर जाळी. तिच्या एका बाजूला तिची गॉडमदर — फोर्टात टायपिस्ट होती ती — फ्रॉक, हॅट, टाचांचे बूट. दुसऱ्या बाजूला एक बाई. चौकड्यांचं लुगडं, अनवाणी, उन्हाने डोळे बारीक केलेले. तिने रेजीचा हात धरला होता.

आता नीट ऐका, कारण इथेच मी आयुष्यभर स्वतःशी घोटाळा करत आले. माझं पान पत्त्याएवढं. त्यात दोघीच बसत होत्या. रेजी, आणि एका बाजूची बाई. कोणती बाजू ठेवायची, एवढंच ठरवायचं होतं. मी हॅटवाली ठेवली. कितीतरी वर्षं मी मनात म्हणत आले की मला वाटलं, ती लुगड्यातली बाई कामवाली असेल. सांभाळणारी असेल. तेरा वर्षांच्या मुलीला काय कळतं?

हे खोटं आहे. मी त्या बाईला ओळखत होते.

ती आमच्या मागच्या दाराला भाजी घेऊन यायची. दर एक दिवसाआड, डोक्यावर पाटी, वांगी, मुळा, लाल माठ. आई तिला मरोळवाली म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच. मला ती मुळ्याच्या कोवळ्या शेंगा वेगळ्या काढून द्यायची, “घे गं बाय, कच्च्याच खा,” म्हणून. आदल्या वर्षी तापाने गेली. आमच्याकडे कळलं ते असं, की भाजी यायची थांबली, आणि मग महिन्याभराने तिची म्हातारी सासू तीच पाटी घेऊन यायला लागली. ती रेजीची आई होती हे मला माहीत होतं. रेजीलाही माहीत होतं की मला माहीत आहे. शाळेत आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. मला वाटायचं तिला लाज वाटत असेल. — लाज कोणाला वाटत होती?

म्हणजे मी कात्री धरली तेव्हा माझ्यासमोर कोण होतं हे मला पूर्ण ठाऊक होतं. मागच्या दाराची बाई माझ्या सुंदर वहीत मला नको होती. आणि तुम्हाला अजून एक सांगते. पान घडीचं करून आत मोठा फोटो बसवता येतो, हे मला यायचं. वर्गातल्या एकीच्या बाबांच्या मोटारीच्या फोटोसाठी मी तसं घडीचं पान केलंही होतं. मोटारीला जागा झाली होती.

पट्टी ठेवली, ब्लेडने रेघ मारली, कात्रीने कापलं. रेघ रेजीच्या मनगटावरून गेली — तिचा हात इकडे, आईने धरलेला पंजा तिकडे. ते मी पाहिलं. थांबले नाही.

उरलेला तुकडा मी फेकला नाही. मी काहीच फेकत नसे, तुम्हाला माझी सवय माहीत आहे. फोटोचा कागद चिवट असतो. पानं जोडायला मला चिवट पट्ट्या हव्याच होत्या. मी तिच्या तीन उभ्या पट्ट्या केल्या, मधोमध दुमडल्या, खळ लावून जोडांत बसवल्या आणि वरून काळा कागद डकवला. वही रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवली. सकाळी ती इतकी छान उघडत-मिटत होती!

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात पाच-सहा जणींच्या घोळक्यात मी ती तिला दिली. तिसरं पान आलं तशी एक जण ओरडली, “अय्या रेजी, ही तुझी मम्मी? काय स्मार्ट आहे गं!” आणि मला — खरं सांगते — मला त्या क्षणी वाटलं, बघ, मी हिचं भलंच केलं.

रेजीने त्या मुलीकडे पाहिलंच नाही. पान उलटून पाठीमागे बघितलं. मग माझ्याकडे. “माझी आय कुठं आहे?”

“कोण?”

“इथं होती.” तिने आपल्या कापल्या मनगटाशेजारच्या काळ्या कागदावर बोट ठेवलं. सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात म्हणाली, “ही माझी गॉडमदर. माझी आय इथं होती. लुगडं नेसलेली. भाजी विकायची ती.” तिला लाज नव्हती. कधीच नव्हती.

मी म्हणाले, “तू दिलास तेव्हा असाच होता फोटो. आधीच कापलेला होता.”

किती शांतपणे म्हणाले! मुली माझ्याकडे बघत होत्या, आणि मी वर्गात पहिली येणारी, मी कशाला खोटं बोलेन? “घरी कोणीतरी कापला असेल,” एक म्हणाली.  रेजीने वही मिटली — तिची आई तिच्या हातात, तीन पट्ट्या, अंगठ्याखाली — आणि दप्तरात ठेवली.

दोन दिवसांनी म्हातारी आली. पाटी खाली ठेवून मागच्या पायरीवर बसली, मांडीवर माझी वही. भाजी दाखवली नाही. आईला म्हणाली, “बाय, जरा तुज्या पोरीला इचार ना. एक तुकरा ऱ्हेला असंल कुठं पडलेला. रेजीचा बापूस तिला बोलतोय, तूच हरवलास. दोन दिस जेवली नाय पोर.”

आईने मला हाक मारली. “कुमुद, यांच्या फोटोचा तुकडा आहे का गं तुझ्याकडे?”

माझी नजर वहीवर होती. म्हातारीची बोटं जोडावरून फिरत होती. नुसती चाळा म्हणून, जुन्या माणसांची फिरतात तशी. मी म्हणाले, “नाही आई. असाच दिला होता तिने.”

“माझी मुलगी खोटं बोलत नाही,” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. खात्री होती. आईच्या त्या खात्रीवर मी पुढे किती वर्षं जगले!

म्हातारी उठली. वही पायरीवर ठेवली. “मंग ही पण ठेव तुमच्याकडंच. अर्ध्या हाताची पोर बघून तिला ऱ्हवत नाय.” पाटी उचलून गेली. आमच्या मागच्या दाराला ती पुन्हा आली नाही. आई काही दिवस म्हणत राहिली, कसली ही माणसं, एवढ्यातेवढ्यावरून. मी तेव्हाही गप्प होते. जेवत होते.

रेजी माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं का? ती फक्त बाक बदलून मागे बसली. मॅट्रिकनंतर ती कुठे गेली मला माहीत नाही. माहीत करून घेतलं नाही, असं म्हणायला हवं. त्यांचं चर्च मला ठाऊक होतं. पुढे मरोळची शेतं गेली, कारखाने आले. आजोबा तिथे एका कारखान्यात काही वर्षं होते, आणि त्यांचा डबा घरी राहिला की मी रिक्षाने त्या रस्त्याने जायचे. चर्चवरून. प्रत्येक वेळी मी डावीकडे बघायचे, कारण चर्च उजवीकडे होतं.

तुम्ही वही पाहिलीत आणि म्हणालात, आजी, इतकी जुनी आणि तरी कशी नवीच्या नवी! मोरचुदाने. कसर लागली नाही.

परवा दुपारी मी ती काढली. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, वाटीत पाणी घेतलं, कापूस घेतला. मला वाटलं होतं इतक्या वर्षांनी खळ दगड झाली असेल. नाही. मैद्याची खळ ती — पाणी लागलं की सुटते. पाच मिनिटांत काळा कागद सुटला. तेव्हाही पाच मिनिटांतच सुटला असता. एक वाटी पाणी. म्हातारी पायरीवर बसली होती आणि पाण्याचा माठ दहा पावलांवर होता.

तिन्ही पट्ट्या टिपकागदावर वाळत आहेत. मधल्या पट्टीवर चेहरा आहे. दुमडीची रेघ बरोबर त्याच्या मधून, कपाळापासून हनुवटीपर्यंत. तिथला फोटो उडाला आहे. एक डोळा दिसतो, उन्हाने बारीक केलेला. तिचं नाव मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. रेजीने कधी तरी सांगितलं असेल. मी मरोळवाली एवढंच लक्षात ठेवलं.

पहिल्या पट्टीवर हात आहे. तो दुमडीपासून दूर होता, म्हणून पूर्ण राहिला. बोटं, काचेच्या दोन बांगड्या. आज सकाळी, चौथ्यांदा उठले तेव्हा, मी ती पट्टी नेऊन तिसऱ्या पानावर, त्या मुलीच्या मनगटाला लावून पाहिली.

जुळते. मधे केसाएवढीही फट नाही. काप अगदी सरळ आहे. माझा हात साफ होता.